ट्रक दारात, माल आत, मधे पाच तास

अमेरिकेत लांब पल्ल्याचा बराचसा माल त्रेपन्न फुटी ट्रेलरमधून जातो. त्यात एका थरात २६ पॅलेट बसतात. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांची ती चौकट, जिच्यावर खोकी रचून वरून प्लास्टिक गुंडाळतात. फोर्कलिफ्ट या माल उचलणाऱ्या छोट्या गाडीवरचा सरावलेला माणूस एक पॅलेट उचलून ट्रेलरमध्ये ठेवायला आणि रिकामा परत यायला साधारण दोन मिनिटं घेतो असं धरू. सव्वीस दुणे बावन्न. वर कागदपत्रांची वीस मिनिटं धरली, तरी सव्वा तासात ट्रक रस्त्याला लागायला हवा.

प्रत्यक्षात सकाळी सातला गेटवर आलेला ट्रक दुपारी एकला बाहेर पडतो आणि ड्रायव्हरला त्याचं नवलही वाटत नाही. २०११ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, ३०२ ड्रायव्हरांना याबद्दल विचारलं. त्यातल्या २०४ जणांनी सांगितलं की मागच्या महिन्याभरात आपण डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या दारापाशी, अडकून पडलो होतो. पुढे बारा वर्षांनीही चित्र फारसं बदललं नव्हतं. एटीआरआय या तिथल्या वाहतूक संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये सुमारे ३९ टक्के थांब्यांवर ट्रक अडवून ठेवले गेले.

याची कारणं विचारली की दोन उत्तरं ठरलेली असतात. ड्रायव्हर म्हणतात, गोदामातले लोक कामचुकार आहेत. गोदामवाले म्हणतात, ट्रकच वेळेवर येत नाहीत. दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण इतकी वर्षं, इतक्या ठिकाणी, तीच गोष्ट घडत राहते तेव्हा माणसांच्या स्वभावापेक्षा पैशाचा हिशेब तपासलेला बरा. आणि हिशेब असा आहे की जो थांबायला लावतो, त्याला थांबण्याचा खर्च पडत नाही. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

दाराशी काय चालतं

ट्रक गेटवर येतो. रक्षक अपॉइंटमेंटचा नंबर, ट्रेलरचा नंबर, ड्रायव्हरचा फोन नंबर लिहून घेतो आणि सांगतो, यार्डात कुठेतरी उभे राहा, दार मोकळं झालं की मेसेज येईल. मेसेज येतो तेव्हा ड्रायव्हर ट्रेलरची मागची दारं उघडून बाजूला अडकवतो आणि गाडी मागे घेत घेत डॉकच्या रबरी बंपरला टेकवतो. मग डॉकचा एक हुक ट्रेलरच्या मागचा आडवा लोखंडी बार पकडतो, म्हणजे फोर्कलिफ्ट आत असताना गाडी पुढे सरकायला नको. बाहेरचा दिवा लाल होतो. काही ठिकाणी किल्ल्याही ऑफिसात जमा करून घेतात.

हे सगळं सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. फोर्कलिफ्ट अर्धी डॉकवर, अर्धी ट्रेलरमध्ये असताना गाडी हलली तर आतला माणूस जिवाला मुकतो. पण याचा अर्थ असाही, की या क्षणापासून ड्रायव्हर स्वतःच्या गाडीत अडकलेला असतो. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरली की केबिन डुलते, एवढाच काय तो निरोप. हिसके बसायला लागले की काम सुरू झालं. चार हिसके बसून पुढे अर्धा तास काहीच हललं नाही, की समजायचं, फोर्कलिफ्टवाल्याची जेवणाची सुट्टी झाली किंवा त्याला दुसऱ्या दारावर पिटाळलं. अनुभवी ड्रायव्हर या हिसक्यांवरून किती पॅलेट चढले ते मोजतात. दुसरं करणार तरी काय?

माल उतरवतानाची कथा जरा वेगळी. सीलचा नंबर कागदाशी जुळतो का ते बघतात, थंडगार ट्रेलर असेल तर तापमान तपासतात, पॅलेट मोजतात, फुटलेली खोकी बाजूला काढतात. एखादं खोकं कमी भरलं की पाठवणाऱ्याला फोन, खरेदी विभागाला फोन, आणि तो माणूस मीटिंगमध्ये. इकडे ड्रायव्हरला सही-शिक्क्याचा कागद मिळाल्याशिवाय निघता येत नाही, कारण माल पोचल्याचा तोच पुरावा. काही माल मुळात पॅलेटवर नसतोच. खोकी थेट जमिनीपासून छतापर्यंत रचलेली असतात आणि ती हातानेच काढावी लागतात. तिथे चार तास लागले तर तो उशीर म्हणता येत नाही, ते कामच तेवढं आहे. तक्रार असते ती काम सुरूच न होण्याबद्दल.

किराणा मालाच्या मोठ्या गोदामांत माल उतरवायला ‘लम्पर’ असतात, म्हणजे बाहेरच्या कंपनीचे हमाल. त्यांचे पैसे बहुतेकदा ड्रायव्हरने खिडकीवर भरायचे, पावती घ्यायची आणि नंतर आपल्या कंपनीकडून किंवा ब्रोकरकडून, म्हणजे माल आणि ट्रक यांची गाठ घालून देणाऱ्या दलालाकडून, वसूल करायचे. अमेरिकी कायदा सांगतो की माल उतरवायला मदतनीस लावायची सक्ती असेल तर तो मदतनीस द्यायचा किंवा त्याचा खर्च भरून द्यायचा, ही माल पाठवणाऱ्या-घेणाऱ्याची जबाबदारी. सक्तीने कुणाला हमाल घ्यायला लावणं बेकायदा आहे. कागदावर हे स्पष्ट आहे. पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला पैसे आधी भरावे लागतात आणि कायदा नंतर आठवतो.

घड्याळ कुणासाठी थांबत नाही

ड्रायव्हर एवढे का चिडतात हे कळायला कामाच्या तासांचा नियम समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत मालवाहू ट्रकचालकाला एका पाळीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. मात्र हे ११ तास कामावर आल्यापासूनच्या १४ तासांच्या आतच बसले पाहिजेत. १४ तास संपले की सलग १० तास विश्रांती घेतल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्यातला बोचरा भाग असा, की १४ तासांचं हे घड्याळ एकदा सुरू झालं की डॉकवर रिकामं बसलं तरी चालूच राहतं.

एक दिवस मांडून बघू. ड्रायव्हर सहाला निघाला, तासभर गाडी चालवून सातला गोदामावर पोचला. रात्री आठला त्याचे १४ तास संपणार. काम दोन तासांत आटोपलं तर तो नऊला निघेल. उरलेले दहा तास गाडी चालवून, मधे अर्ध्या तासाची विश्रांती घेऊन, साडेसातला थांबेल. अकराच्या अकरा तास वापरले जातील. पण दुपारी एकला सुटका झाली, तर आठपर्यंत फक्त सात तास उरतात. म्हणजे तीन तासांचं ड्रायव्हिंग बुडालं. ताशी ८५ किलोमीटरने अडीचशे किलोमीटर. आता उद्या सकाळची अपॉइंटमेंट चुकणार, ती चुकली की नवी वेळ मागायची, ती कदाचित परवाची. शिवाय रात्री आठला ट्रक उभा करायला जागा शोधायची, आणि त्या वेळेपर्यंत हमरस्त्यावरचे ट्रकतळ भरून गेलेले असतात.

यात थोडी सवलत आहे. २०२० मध्ये नियम सैल झाला. केबिनमागच्या झोपायच्या कप्प्यात किमान सात तास आणि दुसरी किमान दोन तासांची सुट्टी, मिळून दहा, अशी विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते आणि ते तुकडे १४ तासांत धरले जात नाहीत. म्हणजे डॉकवरचे लांब तास विश्रांती म्हणून नोंदवून घड्याळ थोपवता येतं. ऐकायला छान आहे. पण ज्या दारावरून कुठल्याही क्षणी ‘पुढे या’ असा मेसेज येऊ शकतो, जिथे दर दहा मिनिटांनी बिछान्यासकट केबिन डुलते, तिथे झोप कितपत लागते? नोंदवहीत माणूस विश्रांती घेत असतो आणि संध्याकाळी तोच माणूस शिणलेल्या डोळ्यांनी गाडी हाकत असतो.

नोंदवही कागदाची होती तोवर यातून पळवाट होती. ड्रायव्हर डॉकवरचे तास लपवून किंवा पुढेमागे करून लिहायचे. हे उघड गुपित होतं. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांना ईएलडी, म्हणजे इंजिनाला जोडलेलं नोंदयंत्र, सक्तीचं झालं. चाक फिरलं की नोंद. खोटं लिहिण्याची सोय बंद झाली, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरंच झालं. मात्र एक बाब या चर्चेत मागे राहते, असं मला वाटतं. वर्षानुवर्षं डॉकवरचा उशीर ड्रायव्हरच्या खोट्या नोंदींनी झाकला जात होता. माल वेळेवर पोचत होता, म्हणून गोदामाला काही बिघडल्याचं जाणवतच नव्हतं. यंत्राने ते झाकण काढलं, पण नियम एकट्या ड्रायव्हरला लागला. गोदामाच्या दाराला असं कुठलंही यंत्र लावलेलं नाही.

मैलाची मजुरी

लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना अमेरिकेत मैलाप्रमाणे पैसे मिळतात. चाक फिरलं तर पगार, नाही तर नाही. वर १९३८ च्या कामगार कायद्यात जास्तीच्या तासांना दीडपट मजुरी देण्याची जी तरतूद आहे, तिच्यातून राज्याराज्यांत माल नेणाऱ्या ट्रकचालकांना वगळलेलं आहे. ही सूट रद्द करण्याची विधेयकं अलीकडे संसदेत मांडली गेली, मंजूर झालेली नाहीत. त्यामुळे आठवड्याला साठ-सत्तर तास कामावर असलेल्या माणसाचे डॉकवरचे पंधरा-वीस तास कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत.

‘मग डिटेन्शन, म्हणजे अडवून ठेवल्याचा आकार, मिळतंच की,’ असं कुणी म्हणेल. मिळतं, पण त्याची वाट वाकडी आहे. रिवाज असा की पहिले दोन तास फुकट. हे दोन तास कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. पूर्वी वाहतुकीचे दर आणि अटी सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली असत. १९८० च्या मोटर कॅरियर अ‍ॅक्टने धंदा खुला केला आणि असल्या अटी ज्याच्या त्याच्या करारावर गेल्या. दोन तास मात्र सवयीने टिकून राहिले. तिसऱ्या तासापासून तासाप्रमाणे आकार लागायचा, तोही ट्रक अपॉइंटमेंटच्या वेळेआधी आला असेल तर, आत-बाहेरच्या वेळा गोदामाने कागदावर लिहून सही केली असेल तर, आणि ब्रोकरला दोन तास पूर्ण होण्याआधी कळवलं असेल तर. गोदामाचा कारकून वेळ लिहायला नकार देतो किंवा दाराला लागल्याची वेळ लिहितो, गेटवर आल्याची नाही. मग ब्रोकर म्हणतो, पाठवणाऱ्याने मंजूर केलं की देतो. पाठवणारा म्हणतो, उशीर घेणाऱ्याच्या गोदामात झाला, माझा काय संबंध? हे म्हणणं अगदीच चूक नाही. भाडं एकजण देतो, अडवून ठेवतो दुसराच, आणि वाहतूकदाराचा त्या दुसऱ्याशी करारच नसतो.

एटीआरआयच्या २०२४ च्या अहवालानुसार जवळपास ९५ टक्के वाहतूक कंपन्या डिटेन्शनचं बिल लावतात, पण त्या बिलांपैकी निम्मीसुद्धा वसूल होत नाहीत. जे येतं त्यातला ड्रायव्हरचा वाटा कंपनी ठरवते. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये अंदाज काढला होता, की असं अडवून ठेवल्यामुळे पूर्ण ट्रकभर माल नेणाऱ्या एका ड्रायव्हरची वर्षाची कमाई १,२८१ ते १,५३४ डॉलरने घटते. देशभराचा आकडा १.१ ते १.३ अब्ज डॉलर. गोदामाच्या ताळेबंदात ही रक्कम कुठेच दिसत नाही.

उलट बाजूचा हिशेब किती कडक आहे पाहा. ट्रकला ठराविक वेळेपेक्षा थोडासा उशीर झाला की अपॉइंटमेंट रद्द. किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्या उशिराबद्दल पुरवठादाराला दंडही करतात. वॉलमार्टने २०१७ पासून ‘वेळेवर आणि पूर्ण’ असा नियम लावला. ठरलेल्या प्रमाणात माल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्या मालाच्या किमतीच्या ३ टक्के दंड. वेळेला किंमत आहे हे या सगळ्या मंडळींना पक्कं ठाऊक आहे. फक्त ती एकाच दिशेने लागते.

गोदामाच्या जागी बसून बघू

गोदामाचा व्यवस्थापक काही दुष्ट नसतो. त्याच्याकडे समजा वीस दारं आहेत, आठ फोर्कलिफ्टवाले आहेत आणि वरून हुकूम आहे की मजुरीचा खर्च वाढता कामा नये. त्याला मोजलं जातं ते एका माणसाने तासाला किती पॅलेट हलवले यावर. फोर्कलिफ्टवाला रिकामा बसला तर ते त्याच्या अहवालात दिसतं. बाहेर बारा ट्रक उभे असले तर दिसत नाही. मग तो काय करेल? रांग कायम राहील असं बघेल, म्हणजे माणसं कधीच रिकामी बसणार नाहीत. दवाखान्यात डॉक्टरचा एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून दहा पेशंट बाहेर बाकावर बसवतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे बाकावर बसलेला माणूस स्वतःच्या घड्याळाचा आणि हप्त्याचा बंदा आहे.

इथे रांगेचं गणित कामाला येतं आणि ते जरा चकवणारं आहे. आपल्याला वाटतं, दार ९० टक्के वेळ वापरात असेल तर ८० टक्क्यांच्या मानाने थोडं जास्त थांबावं लागेल. तसं होत नाही. एकच दार आहे, ट्रक वाटेल तेव्हा येतात, आणि एका ट्रकला सरासरी तासभर लागतो पण कधी वीस मिनिटं तर कधी तीन तास, असं धरा. दार निम्मा वेळ वापरात असेल तर सरासरी तासभर थांबावं लागतं. ८० टक्के वापर झाला की चार तास. ९० टक्क्यांना नऊ तास. ९५ टक्क्यांना एकोणीस. वापर शंभरकडे सरकतो तशी रांग हळूहळू वाढत नाही, उसळते. खऱ्या गोदामात दारं अनेक असतात आणि वेळाही ठरवून दिलेल्या असतात, त्यामुळे आकडे इतके भयंकर येत नाहीत. पण आलेखाची ती शेवटची उसळी सगळीकडे तीच.

ब्रिटिश गणिती जॉन किंगमन यांनी १९६१ मध्ये याचं एक सोपं सूत्र मांडलं. थोडक्यात, थांबण्याचा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो. यंत्रणा किती भरलेली आहे, येण्यात आणि कामात किती अनियमितता आहे, आणि एका कामाला सरासरी किती वेळ लागतो. फोर्कलिफ्टवाल्यांना ‘भरभर करा’ म्हणून दटावणं हा तिसऱ्या गोष्टीवरचा उपाय. बहुतेक गोदामं तिथेच थांबतात. खरा फायदा पहिल्या दोन गोष्टींत असतो. थोडी क्षमता मुद्दाम मोकळी ठेवायची, आणि अनियमितता कमी करायची. पण क्षमता मोकळी ठेवायला गोदामाला पैसे पडतात आणि वाचणारा वेळ ड्रायव्हरचा असतो. एकाने खर्च करायचा, फायदा दुसऱ्याला. असा व्यवहार आपण होऊन कोण करतो?

अनियमितता कुठून येते तेही बघण्यासारखं आहे. सकाळी सहा ते दहा या वेळेतच सगळ्यांना माल हवा असतो, म्हणून अपॉइंटमेंट तिथेच कोंबतात. पाठवणाऱ्या कारखान्यात ‘माल तयार आहे’ असं सांगितलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो अजून पॅकिंगच्या पट्ट्यावर असतो. आतली रॅक भरलेली असली तर उतरवलेला माल ठेवायला जागा नसते, आणि मग ट्रेलर हेच फिरतं गोदाम होऊन बसतं. त्याचं भाडं कुणी देत नाही ही आणखी सोय.

पण सगळ्यात मोठं कारण हे, की ट्रक उशिरा येतात. का उशिरा येतात? कारण आधीच्या गोदामाने अडवून ठेवलं. तिथे चार तास गेले म्हणून इथली दहाची वेळ चुकली. इथल्या व्यवस्थापकाचं वेळापत्रक त्यामुळे कोसळलं आणि बाराला वेळेवर आलेला दुसराच ट्रक तीनपर्यंत ताटकळला. आता तो पुढच्या ठिकाणी उशिरा पोचणार. न येणाऱ्यांचा अंदाज धरून व्यवस्थापक एकाच वेळेला दोन-दोन ट्रकना अपॉइंटमेंट देऊ लागतो, आणि एखाद्या दिवशी दोन्ही येतात. प्रत्येक जण बाजूच्याकडे बोट दाखवतो आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं बोट बरोबर असतं.

त्याचा रस्त्यावर परिणाम

वर उल्लेख केलेल्या २०१८ च्या सरकारी अहवालात एक आकडा आहे जो डॉकशी काही संबंध नसलेल्या माणसालाही लागू पडतो. डॉकवरचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा अंदाज होता. कारण सरळ आहे. हरवलेले तास भरून काढायला माणूस जोरात जातो, थकलेला असताना जातो. एटीआरआयने ट्रकांच्या जीपीएस नोंदी तपासल्या तेव्हा अडकून पडलेले ट्रक न अडकलेल्यांच्या मानाने सुमारे १५ टक्के जास्त वेगाने धावताना आढळले. म्हणजे बिल जसं ड्रायव्हरकडे जातं, तसं थोडंसं रस्त्यावरच्या इतरांकडेही जातं.

‘ड्रायव्हरच मिळत नाहीत’ या तक्रारीचाही यातून वेगळा अर्थ लागतो. एमआयटीचे संशोधक डेव्हिड कॉरेल यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी संसदीय समितीपुढे सांगितलं, की ११ तासांची मुभा असताना लांब पल्ल्याचे ड्रायव्हर दिवसाला सरासरी साडेसहा तासच गाडी चालवतात. त्यांच्या मते देशाच्या ट्रक-क्षमतेतला सुमारे ४० टक्के भाग असा रोज पडून राहतो. हे सगळे तास डॉकवर जात नसतील, पण माणसं कमी आहेत म्हणण्याआधी असलेली माणसं कुठे बसून आहेत ते बघायला हरकत नाही.

आणि बसून आहेत तिथे त्यांना स्वच्छतागृहही मिळेल याची खात्री नसते. ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी अनेक दारांवर असते. ब्रिटनमध्ये आरोग्य-सुरक्षा खात्याने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की माल आणणाऱ्या ड्रायव्हरला स्वच्छतागृह वापरू देणं जागेच्या मालकाला बंधनकारक आहे. वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये बंदरांतल्या ट्रकचालकांसाठी तसा कायदा केला. एवढ्या गोष्टीसाठी कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

मग करतात काय

सगळ्यात परिणामकारक उपाय जुनाच आहे. ट्रेलर सोडून जायचा. ड्रायव्हर रिकामा ट्रेलर यार्डात लावतो, आधीच भरून ठेवलेला दुसरा जोडतो आणि निघतो. गोदाम आपल्या सवडीने भरतं, ड्रायव्हर आपल्या वेळेने चालतो, दोघांची घड्याळं एकमेकांपासून सुटी होतात. अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर लागतात, यार्डात जागा लागते, आणि तोच तो माल नेहमी त्याच दोन ठिकाणांत जायला लागतो. मोठ्या कंपन्यांना हे जमतं. एकच ट्रक, एकच ट्रेलर असलेल्या मालक-चालकाला जमत नाही. तो बाहेर रांगेतच राहतो, आणि सोयीचे सौदे मोठ्यांनी आधीच उचललेले असल्यामुळे त्याच्या वाट्याला येणारी दारं जास्तच रखडणारी असतात.

दुसरा उपाय कायद्याचा. स्पेनने २०२२ मध्ये साडेसात टनांवरच्या ट्रकच्या ड्रायव्हरने माल चढवण्या-उतरवण्यात भाग घ्यायला काही अपवाद वगळता बंदी घातली, आणि भरपाई कधी सुरू होणार तो काळ दोन तासांवरून एका तासावर आणला. फुकटचा वेळ सरकारनेच निम्मा केला.

जपानने आणखी पुढे जाऊन रांग लावणाऱ्यालाच जबाबदार धरलं. तिथे १ एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. मर्यादा आली म्हणजे डॉकवर वाया जाणारे तास परवडेनासे झाले. त्याआधी २०२३ मध्ये सरकारने मार्गदर्शक सूचना काढली, की थांबणं आणि माल चढवणं-उतरवणं मिळून दोन तासांच्या आत झालं पाहिजे. त्याच वर्षी जुलैत ‘ट्रक जी-मेन’ नावाचं तपासणी पथक नेमलं. ते ट्रकवाल्यांच्या मागे लागत नाही. माल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या कंपन्यांकडे जाऊन तुमच्या दारात गाड्या का ताटकळतात हे विचारतं, आणि सुधारणा नाही झाली तर कंपनीचं नाव जाहीर करण्यापर्यंत जाऊ शकतं. पुढचा टप्पा म्हणून मोठ्या माल पाठवणाऱ्या कंपन्यांना एप्रिल २०२६ पासून या कामाला जबाबदार असा वरिष्ठ अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. मला यातली दिशा पटते. उशीर ज्याच्या आवाक्यात आहे, प्रश्न त्याला विचारलेला आहे.

तिसरा उपाय पुराव्याचा. ईएलडीने ड्रायव्हरला जखडलं, पण तेच यंत्र आता त्याच्या बाजूने साक्षही देऊ शकतं. गोदामाच्या आवाराभोवती नकाशावर एक रेघ आखली की ट्रक आत कधी आला, बाहेर कधी गेला याची नोंद आपोआप होते. कारकुनाने वेळ लिहिली की नाही यावर काही अडत नाही. काही कंपन्या या नोंदींवरून गोदामांची यादी करतात आणि रखडणाऱ्या दारांना जास्त भाडं सांगतात. गाड्या कमी आणि माल जास्त असतो तेव्हा ते भाडं मिळतं, आणि अशा दिवसांत काही गोदामं रात्रीची पाळीसुद्धा सुरू करतात. माल कमी आणि गाड्या जास्त झाल्या की तेच दार, तेच जुनं भाडं आणि पहिले दोन तास फुकट, या अटीवर ट्रक पुन्हा रांगेत लागतात. करारात डिटेन्शनचा दर लिहून घेणं, आल्या आल्या गेटवरच्या पाटीचा वेळेसकट फोटो काढणं आणि दोन तास पूर्ण व्हायच्या आत ब्रोकरला लेखी कळवणं, एवढं एकट्या ट्रकवाल्याच्या हातात उरतं. बिल मात्र तरीही ब्रोकरच्या टेबलावर महिनाभर पडून राहू शकतं.